नऊ सेंटिमीटरचा झोळ

माहीम, ता. पालघर
सोमवार, २२ सप्टेंबर १९८६

चि. देवूस,

आशीर्वाद लिहीत नाही. तुला ते चालतील की नाही, मला माहीत नाही.

आधी माझ्या हातांनी केलेल्या गोष्टी लिहितो, म्हणजे पत्र कोणाचं आहे याबद्दल शंका राहणार नाही. व्हॉलीबॉलच्या जाळ्या चार. प्रत्येक साडेनऊ मीटर लांब, एक मीटर रुंद, दर भोकाचा चौकोनी आस दहा सेंटिमीटर, गाठ आपल्या घरची. सुरूच्या लाकडाचे खांब दोन जोड्या, बुडाला डांबर. पंचाची खुर्ची, वडिलांच्या मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्यांची. अजून हलत नाही. मैदान आखायची दोरी, नऊ मीटरला आणि अठरा मीटरला गाठी मारलेली. शिवून पुन्हा खेळते केलेले चेंडू सतरा. नियमांची वही, पालघरच्या वाचनालयातल्या इंग्रजी पुस्तकावरून, मांडीवर शब्दकोश घेऊन उतरवलेली, पानं एकतीस. संघाचा शिक्का, जुन्या चपलेच्या टाचेतून ब्लेडने कोरलेला. अक्षरं उलटी कोरायची असतात हे कोणी शिकवलं नव्हतं. आणि तुझी उडी. जन्म आईने दिला, उडी मी दिली. कमरेला वाळूची पिशवी बांधून ओल्या पुळणीवर तुला तीन वर्षं उड्या मारायला लावल्या, ते तूसुद्धा नाकारणार नाहीस.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. सहा वर्षांनी आलेलं पहिलं अक्षर, आणि त्यात एकच ओळ: ‘१९७४ साली मुंबईच्या संघाकडून माझ्यासाठी उत्तर आलं होतं का? हो की नाही?’ सही नाही. वेरावळचा शिक्का पुसट असता तरी मी ओळखलं असतं. कारखान्यातल्या प्रेसमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेल्यावर तू डाव्या हाताने लिहायला लागलास. ते अक्षर मी याआधी एकदाच पाहिलं होतं, घर सोडताना तू वहिनीच्या नावाने ठेवलेल्या चिठ्ठीवर.

कार्डही आधी तुझ्या वहिनीच्या, शकूच्याच हाती पडलं. तिने वाचलं. उघडं कार्ड, न वाचून करते काय. म्हणाली, “ह्याला जवाब द्यायला किती वेळ लागतो? हो, नायतर नाय.”

मी म्हटलं, सविस्तर लिहावं लागेल.

“मंग लिवा सविस्तर,” म्हणाली आणि सुकत घातलेले बोंबील उलटायला गेली.

उत्तर मी देणार आहे. या कागदावर तसं लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. पण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, क्रमाने सांगितली पाहिजे. शिवाय परवापासून सोलला आशियाई खेळ सुरू झाले आहेत. ट्रान्झिस्टर दिवसभर कानाशी असतो. व्हॉलीबॉलला चीन, कोरिया, जपान असे तिघे बसलेत, त्यांच्यात शिरायचं म्हणजे भिंतीत खिळा मारायचा. तरी या खेपेला आपला संघ तसा नाही. मला वाटतं, हे शिरतील. वेरावळला तू बर्फाच्या कारखान्यात असतोस असं ऐकलंय, तिथे रेडिओ असेलच. ऐकतोस का?

तुझा भाऊ,
कमलाकांत


माहीम
रविवार, २८ सप्टेंबर १९८६

चि. देवूस,

मागचं पत्र पोचलं असेल. आज सालवडला रामकिसनकडे जाऊन आलो. उमरोळीपर्यंत टेम्पो, पुढे चालत. त्याने टीव्ही घेतला आहे, ब्लॅक अँड व्हाइट. चाळीतली पंधरा माणसं, त्यात निम्मी हिंदी बोलणारी, सगळी त्याच्या खोलीत. तारापूरच्या कॉलनी संघातून तो तुझ्याविरुद्ध खेळायचा तेव्हा सडपातळ होता. आता पोट सुटलं आहे, पण जालन्याकडची बोली तशीच आहे.

मला पाहून उठला, स्टूल दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “भाऊ, मीच कळवलं देवूला. तुम्हाला राग येईल म्हून आधी सांगून टाकतो. मुंबईला त्या संघाचा जुना माणूस भेटला. तो म्हणे, आम्ही तर बोलावलं होतं पोराला, त्यानंच नाही म्हणून कळवलं. मला काही ते पटेना.”

मी विचारलं, “सामना कधी लागणार?”

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाला, “लागंल आता.”

पूर्ण सामना दाखवला नाही, तुकडेच दाखवले. त्यात मी काय पाहिलं ते तुला सांगतो, कारण ते दुसऱ्या कोणाला कळणार नाही. जपानी उंच उडत नाहीत, ते लवकर उडतात. चेंडू उचलणाऱ्याच्या हातात पोचायच्या आधी मारणारा हवेत असतो. तू असंच मारायचास. पालघरचे लोक म्हणायचे, देवू घाई करतो. मी म्हणायचो, तुमचे डोळे उशिरा पोचतात. आता सोलहून पुरावा आला.

दुसरी गोष्ट. सामना सुरू होण्याआधी पंच एक उभी पट्टी घेऊन जाळीजवळ गेला. खांबांपाशी नाही, मधोमध. पट्टी जमिनीवर टेकवली, वरच्या दोरीकडे बघितलं, मान हलवली. दोन-तीन सेकंद दाखवलं असेल. माझ्या शेजारचा बिहारी माणूस म्हणाला, “ये क्या नाप रहा है, चाचा?”

तुला पालघरचा तो सामना आठवतो. जानेवारी १९७४, आपण विरुद्ध कॉलनी. आयोजकांची जाळी फाटकी निघाली म्हणून मी अभिमानाने आपली लावली. मुंबईच्या एका मोठ्या कारखान्याच्या संघाचे साहेब खास बघायला आले होते, पांढऱ्या बुटांतले. तुझे फटके बघून तिसऱ्या डावानंतर ते उठले. मला वाटलं तुझी पाठ थोपटायला चालले. त्यांनी खिशातून टेप काढली आणि जाळीच्या मध्यभागी लावली. दोन मीटर चौतीस. पुरुषांची जाळी दोन त्रेचाळीस पाहिजे. नऊ सेंटिमीटर कमी.

मी म्हटलं, “साहेब, मी स्वतः मोजलंय.” आणि खांबापाशी मोजून दाखवलं. खांबापाशी दोन त्रेचाळीस बरोबर होतं. ते म्हणाले, “अहो, उंची मध्ये मोजतात. खांबापाशी कोण खेळतं?”

आपण मच्छीमार माणसं. वडिलांनी मला सातव्या वर्षी सांगितलं होतं, जाळं ताणून बांधलं की पहिल्याच ओढीत फाटतं, झोळ ठेवायचाच. आणि माप घ्यायचं ते खुंटापाशी. समुद्रातल्या जाळ्याचं माप मध्ये कोण घेणार? मी वरच्या दोरीला झोळ ठेवला. तो मला झोळ वाटलाच नाही, काळजी वाटली. उंची मध्यभागी मोजावी, हे त्या इंग्रजी पुस्तकात पुढच्या पानावर होतं. ते पान मी उतरवून घेतलं नव्हतं, वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती. सहा वर्षं पूर्ण गावाला मी नऊ सेंटिमीटर खालच्या जाळीवर खेळवलं.

साहेबांनी जाळीची गाठ बोटांत धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ह्यात काय, बोंबील पकडता?”

मैदान हसलं. ते मी सोसलं असतं. पण तू पुढे झालास आणि म्हणालास, “बोंबील नाय साहेब, पापलेट. बोंबील आमी घरच्या घरी पकडतो.”

मग मैदान दुप्पट हसलं, आणि साहेबही हसले, आणि तूही. त्यांनी तुझा खांदा धरला. पत्ता विचारला. संघाचा चिटणीस म्हणून तू माझं नाव दिलंस. “कळवतो,” म्हणाले.

जागा संपली. उरलेलं पुढच्या पत्रात.

तुझा भाऊ,
कमलाकांत


माहीम
सोमवार, ६ ऑक्टोबर १९८६

चि. देवूस,

आपण तिसरे आलो. चीन, कोरिया आणि मग आपण. जपान खाली. बातम्या ऐकल्यावर मी अंगणात उभा राहून एकट्याने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या आनंदीने कुंपणावरून विचारलं, “काय ओ भाऊजी, लॉटरी लागली?” मी तिला समजावायला लागलो की जपान म्हणजे कोण, ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलेला देश. ती म्हणाली, “मंग आपल्याला काय मिळनार?” आणि आत गेली. या गावात आता कोणी खेळत नाही. खांब मी काढून ठेवले आहेत. मैदानावर जाळी वाळवतात, मासळीची.

सोलला तू असतास असं मी म्हणणार नाही. मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. भारतातून बारा जण जातात. तू आज चौतीस वर्षांचा. पण बारा जण ज्या शंभरांतून निवडतात, त्या शंभरांत तू गेला असतास की नसतास, एवढं तरी कळलं असतं.

शनिवारी तुझं दुसरं कार्ड आलं. ‘सोलच्या बातम्या मला पेपरात मिळतात. हो की नाही?’ शकूने ते चुलीवरच्या फळीवर उभं करून ठेवलं आहे, चहा घेताना समोर येतं.

हो. उत्तर आलं होतं. सामन्यानंतर एकोणीस दिवसांनी, माझ्या नावाने. मी तुला सांगितलं नाही, आणि मीच त्यांना नकार कळवला. संघाच्या कागदावर लिहिलं: ‘खेळाडू घरच्या जबाबदारीमुळे येण्यास राजी नाही.’ खाली चिटणीस म्हणून सही, आणि तो शिक्का.

तू त्यानंतर दोन वर्षं दुपारच्या टपालाला पोस्टाच्या पायरीवर बसायचास. मी मासळीची पाटी घेऊन समोरून जायचो. तू विचारायचास, “दादा, काय आलं का?” मी म्हणायचो, “मोठी माणसं विसरतात.” आईसुद्धा विचारायची. तिलाही मी तेच सांगितलं, आणि ती तेच खरं धरून गेली. मग तू बोईसरच्या कारखान्यात प्रेसवर लागलास. पुढचं तुला माहीत आहे. इस्पितळात मी काय बोललो तेही तुला माहीत आहे: खेळ तर सुटलाच होता, आता एवढं काय. त्या वाक्यावरून तू घर सोडलंस, आणि त्या वाक्यामागे काय होतं ते तुला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता कारण. तू खालच्या जाळीवर शिकला होतास. नऊ सेंटिमीटर म्हणजे थोडं नाही. फटका जाळीत जातो की पलीकडे, ते तेवढ्यातच ठरतं. मुंबईच्या मैदानावर, खऱ्या उंचीवर, हजार माणसांपुढे तुझे फटके जाळीत गेले असते. साहेबांनी आठ दिवसांत परत पाठवलं असतं. मग आयुष्यभर माहीमभर हसू. चूक माझी, आणि हसू तुझं. ते मला बघवलं नसतं. तुझ्या भल्यासाठी केलं. चुकलं असेल, पण हेतू

(इथे थांबलो आहे. शकू बोलावते आहे.)


शनिवार, ११ ऑक्टोबर १९८६

देवू,

वरचा कागद पाच दिवस तसाच पडला होता. दोन्ही एकाच पाकिटात टाकतो.

त्या दिवशी शकू म्हणाली, वाचून दाखवा. मी वाचलं. खोटं कशाला बोलू, चांगलं लिहिलंय असं मला वाटत होतं. नकाराचं ऐकून ती उठली. भात उतरवला, हात पुसले. बारा वर्षं तिलाही ठाऊक नव्हतं. मी पुढे वाचत गेलो, खालची जाळी, हजार माणसं, तुझं भलं. तिथे तिने मला थांबवलं.

“आणि त्या गुरुवारचं?”

मी म्हटलं, “कुठल्या?”

“टेपचं दुसरं टोक मीच धरलं व्हतं. तुमी इसरलात, मी नाय इसरले.”

विसरलो नव्हतो.

पालघरच्या सामन्यानंतरचा गुरुवार. सकाळी भरती उतरल्यावर मी होडीवरची कप्पी आणून वरची दोरी ताणली, इतकी की सुरूचा खांब करकरला. झोळ राहू दिला नाही. मध्यभागी मोजलं, टेपचं खालचं टोक शकूने वाळूवर धरलं होतं. दोन त्रेचाळीस. मग तुला हाक मारली. उंची वाढवल्याचं सांगितलं नाही. चाळीस चेंडू मी उचलून दिले. सदतीस पलीकडे गेले, रेषेच्या आत. तीन जाळीत.

मग तू पाणी प्यायला गेलास तेव्हा मी दोरी अजून वर घेतली, दोन पन्नास. पुन्हा चाळीस. एकतीस पलीकडे. कोणत्याही देशात पुरुषांची जाळी इतकी उंच नसते. आणि तेसुद्धा वाळूवरून, जिथे उडी निम्मी पायाखालीच जिरते.

तू घामाने भिजून आलास आणि म्हणालास, “दादा, आज जाळी बरी तानलीस. मारायला मजा येते.”

शकू तेव्हा हसली होती. मी टेप गुंडाळत होतो.

म्हणजे उत्तर यायच्या चौदा दिवस आधी मला माहीत होतं. अंदाजाने नाही, मोजून. तुझे फटके जाळीत गेले नसते. तुला कोणी परत पाठवलं नसतं. वरच्या कागदावर ‘भलं’ हा शब्द आहे, तो खोडत नाही. खोडला तर तुला वाटेल मी लिहिलाच नव्हता.

मग का? शकूनेही हेच विचारलं. मी तिला साहेबांचं पत्र आणून दाखवलं. नियमांच्या वहीत आहे, शेवटच्या पानानंतर चिकटवलेलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “आता ते जसं हाय तसं लिवा. तुमचं काय लिवू नका.”

पण एक माझं लिहितो. त्या पत्रात एक वाक्य आहे, ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाकीचं पत्र दिसलंच नाही. सहा वर्षं मी तुला घडवलं, आणि त्यात माझं नाव पाकिटावर आणि मायन्यात सोडून कुठे नव्हतं. होता तो माझ्या जाळीचा उल्लेख. आणि कानात मैदान हसत होतं, त्यात तुझं हसणं मला वेगळं ओळखू येत होतं. त्याच दुपारी मी शिक्का मारला. शाई वाळायच्या आत पाकीट बंद केलं, म्हणून त्या कागदाच्या मागच्या घडीवरही तो उलटा उमटला असेल.

इकडे ये असं म्हणायचा मला हक्क नाही. वहिनी म्हणते, तिच्यासाठी ये. ते तिचं बोलणं आहे, तुला पोचवतो. तिने चौथी जाळी काढून धुतली आहे. कशासाठी ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

पत्रातला मजकूर उतरवतो. एक शब्द गाळलेला नाही, या वेळी पुढचं पानही बघितलं आहे.

‘श्री. कमलाकांत, चिटणीस, यांस. आपले बंधू देवू यांना आमच्या संघात घेण्याचे ठरले आहे. जाळी सदोष असल्याने त्यांना काही चुकीच्या सवयी लागल्या आहेत. त्या आमचे प्रशिक्षक मोडतील. त्यांनी १ मार्च १९७४ रोजी सकाळी दहा वाजता कारखान्याच्या फाटकावर हजर व्हावे. काम, स्टोअरमध्ये मदतनीस, दुपारी तीनपर्यंत, पुढे सराव. राहण्यास वसतिगृहात एक खाट, दोन वेळचे जेवण, वर्षाला बुटांचे दोन जोड. सहा महिन्यांनंतर कायम. पगार दरमहा रुपये तीनशे पंचेचाळीस.’